एका श्वासाची ओळ

“कुणीतरी हे मुद्दाम मोडतंय.”

अर्णव सबनीसने छडी स्टँडवर आपटली. समोर पन्नास वादक बसले होते. पन्नासही जणांनी नजर कागदावर नेली.

ऑपेराचा प्रयोग उद्यावर आला होता. कंडक्टर म्हणून अर्णवचा पहिलाच. एक लांब ओळ सकाळपासून पाचदा तुटली होती, आणि पाचही वेळा एकाच ठिकाणी. गाणाऱ्या रोशेलचा आवाज विरायचा, तिच्यामागे व्हायोलिनं विस्कटायची.

आपल्याकडे चूक सापडण्याआधी चुकणारा सापडावा लागतो.

हॉलच्या शेवटच्या रांगेत फुर्तादो मास्तर बसले होते. युरोपातल्या ऑपेरागृहांत चाळीस वर्षं वाद्यवृंद चालवून परत आलेला माणूस. उद्या अर्णव उभा राहणार की ते स्वतः, हे आज तेच ठरवणार होते.

“मास्तर, रोशेलला ही ओळ झेपत नाही. कापून टाकू.”

मास्तर उठले. पुढे यायला त्यांना बराच वेळ लागला.

“तू गा.”

“मी?”

“तूच.”

“मी गायक नाही, मास्तर. मी कंडक्टर आहे.”

“ते उद्या कळेल. गा.”

मागे कुणीतरी हसू दाबलं.

अर्णवने छडी उचलली आणि हात चालवत स्वतःच गाऊ लागला. ओळ चढत गेली. वरच्या सुरावर त्याचा हात नेहमीसारखा रेंगाळला...

आणि आवाज तुटला. त्याच ठिकाणी.

“काय झालं?”

“श्वास संपला.”

“कुणी संपवला?”

अर्णवने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“वर थांबलास कशाला?”

“ती जागा सुंदर आहे, मास्तर. सोडवत नाही.”

“तू तिथे सुंदर उभा असतोस. ती तिथे गुदमरत असते.”

रोशेलने पाण्याची बाटली तोंडाला लावली, म्हणजे तिला काही बोलायला नको.

मास्तरांनी छडी काढून घेतली. अर्णवचा डावा तळहात त्याच्याच छातीवर ठेवला.

“आता परत.”

अर्णव रोशेलकडे वळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या खांद्यांकडे पाहिलं. ते किंचित वर झाले... तसा त्यानेही श्वास घेतला. मग त्याचा उजवा हात खाली आला.

ओळ चढली. वरचा सूर आला. अर्णवने तो जाऊ दिला.

ओळ पार झाली. व्हायोलिनं तिच्या मागोमाग अलगद उतरली. रोशेलजवळ अजून श्वास शिल्लक होता.

अर्णवने छातीवरचा हात खाली घेतला.

“मास्तर... उद्या कोण उभं राहणार?”

“मला काय विचारतोस? मी काही वाजवत नाही. वाजवतात त्यांना विचार.”

एवढं बोलून ते आपला कोट शोधायला मागे गेले.

आता वादकांकडे पाहण्यावाचून अर्णवला इलाज नव्हता.

“मघाशी मी जे बोललो...”



दुसऱ्या रांगेत हॉर्न हे पितळी वाद्य फुंकणारे साळवे होते, पोलीस बँडातून निवृत्त झालेले. त्यांनी हॉर्न उलटा करून आत साचलेलं वाफेचं पाणी झटकलं.

“उद्या सातलाच ना, साहेब? घरच्या मंडळींना घेऊन येतो म्हणतो. आजवर कधी आणलं नव्हतं.”