सुंद्रामाय बसली तो पोळा

बसा सगळे. लहान असो की म्हातारं, पाय पसरून नीट बसा. ही गोष्ट उभ्यानं ऐकायची नाही, आणि मी सांगत असताना मला चहा ठेवायला उठवायचं नाही. आधीच सांगते, मला ही गोष्ट सांगताना राग येतो. दरवेळी येतो.

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या या डोंगराला गाडीवाटसुद्धा फुटली नव्हती तेव्हा, आपल्या बोरदऱ्यात सुंद्रामाय नावाची बाई राहायची. गुराढोरांचं दुखणं बघायची. गाय अडली, बैलाचं पोट फुगलं, म्हशीची वार पडली नाही, की लोक सुंद्रामायच्या दारात. तिचं मनगट बारीक आणि हात लांब. पोटात आडवं आलेलं वासरू ती चाचपून सरळ करायची आणि बाहेर ओढायची. तिनं पाठीवर हात ठेवला की कळा देणारी गाय हंबरायची थांबायची, असं म्हणतात. निपचित वासराच्या नाकात तिनं फुंकर मारली की ते कान हलवायचं, असंही म्हणतात.

म्हणू द्या. चांगलं म्हणायला आपल्या गावाचं काय जातं?

"माय, तुमच्या हाताला गुण हाय," असं जो तो तिला म्हणायचा. ऐकायला किती गोड. पण या एका वाक्यानं बाईचा जन्म खाल्ला. गुण तिच्या हातात, म्हणजे आपल्या हातात नाही. आपल्या हातात नाही, म्हणजे आपण शिकायची गरज नाही. सुटले सगळे. तिनं गावातल्या पोरींना कितीदा म्हटलं, या गं, हात घालून बघा, दाखवते. पोरी शेणाच्या वासानं नाक मुरडायच्या. त्यांच्या आया म्हणायच्या, "आमच्या पोरींच्या हाताला कुठं तुमच्यासारखा गुण?"

मग एकटीनं मरा. लाथा तिनं खाल्ल्या. एका रेड्यानं तिचे पुढचे दात पाडले. थंडीत, पावसात, तापानं फणफणलेली असताना ती गोठ्यात आडवी पडून खांद्यापर्यंत हात घालायची. तिची एकुलती एक लेक सासरी निघाली त्या दिवशी सखोजी नाईकवाड्याची म्हैस अडली. सखोजी म्हणजे गावातली बडी असामी. गुरंही त्याचीच जास्त आणि आवाजही त्याचाच मोठा. पाठवणीतून त्यानं मायला उठवून नेलं. लेक वेशीपर्यंत मागं वळून बघत गेली आणि माय गोठ्यात होती. म्हैस वाचली. लेकीनं पुढं आयुष्यभर मायशी धड बोलणं केलं नाही.

असं करता करता माय म्हातारी झाली. ओढून ओढून उजवा खांदा निखळला तो नीट बसलाच नाही. गुडघे गेले. एक दिवस ती चावडीपुढं आली आणि म्हणाली, "आता मला बसू द्या. माझ्यानं होत न्हाई." एवढंच मागितलं तिनं. घर नाही, जमीन नाही, बसू द्या म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या. सकाळी चौघं जण बाज घेऊन तिच्या दारात आले. तिला वाटलं, तब्येत विचारायला आले असतील. ते तिला बाजेवर घालून सखोजीच्या गोठ्यात घेऊन गेले. पाय चालत नाहीत ना माय, मग आम्ही उचलून नेतो, हात तर चालतोय.

बघा, काय माणसं. आणि हे आपलेच पणजे-खापरपणजे बरं का, दुसऱ्या गावचे नाहीत.

मग तसंच सुरू झालं. बाज यायची, माय जायची. वासरू जगलं की हाताला गुण. दगावलं की, म्हातारी आता मुद्दाम टाळाटाळ करते.

पोळ्याचा आदला दिवस आला. त्या दिवशी खांदेमळणी असते, तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, आणि त्याला म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. माय ओट्यावरून बघत होती. आळीत घरोघरी बैलांचे खांदे मळत होते. आपला निखळलेला खांदा डाव्या हातानं धरून ती बघत होती. आणि तेवढ्यात बाज आली. बैलाला सुट्टी होती, मायला नव्हती. गेली ती. त्या संध्याकाळी परत येताना ती वाटेत एकेका बैलाच्या कानात काहीतरी बोलली, असं म्हणतात. काय बोलली ते कुणालाच माहीत नाही. मी तिथं असते तर ओरडूनच बोलले असते.

पोळ्याचा दिवस उजाडला. बैल सजले, झुली चढल्या, वाजंत्री निघाली. मिरवणूक मायच्या दारावरून चालली होती. तिथं सखोजीचा मानाचा बैल थांबला आणि खाली बसला. ओढला, उठला नाही. मागचा बसला. त्याच्या मागचा बसला. बघता बघता गावातले झाडून सगळे बैल मायच्या ओट्याभोवती कडं करून बसले, शिंगं बाहेर, शेपट्या आत. वाजंत्री गप झाली.

त्याच वेळी सखोजीची तांबडी गाय अडली. वासराचे पाय मागं दुमडलेले. सखोजी बाज घेऊन धावत आला, पण बैल काही वाट देईनात. जो पुढं जाईल त्याच्यावर शिंग. त्याच्या मानाच्या बैलानं तर धन्याचंच धोतर फाडलं.

"माय, उठा की," सखोजी बाहेरून रडकुंडीला येऊन म्हणाला. "तांबडी जाईल."

"मी न्हाई उठणार," माय म्हणाली.

"तुमच्या हाताला गुण हाय, माय."

"तर मग हा हात तोडून ने," माय म्हणाली. "मला इथंच बसू दे."

तेव्हा सखोजीची बायको पारू गर्दीतून मागं फिरली. इतकी वर्षं मायच्या शेजारी उभी राहून गायीची शेपटी तिनंच धरली होती. सगळं बघितलं होतं, करायला मात्र कधी वाकली नव्हती. तिनं हातातल्या बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत तेल लावलं आणि गोठ्यात बसली. किती वेळ लागला कोण जाणे. रडत होती, शिव्या देत होती, नवऱ्याला देत होती. पण पाय सापडले आणि सरळ झाले. वासरू आलं.

वासरू उभं राहिलं तसे तिकडं बैल उठले, असं म्हणतात. माय मात्र उठली नाही. सखोजी पाया पडायला आला तेव्हा तिनं पाय आखडून घेतले. त्याला माफ केलं, असं काही जण सांगतात. मी नाही सांगत. पुढं जितकी वर्षं जगली तितकी ती त्या ओट्यावर बसून होती, आणि तिला हाक मारायची गावाची छाती झाली नाही.

तिच्या नावानं आपल्याकडं अजून दोन गोष्टी चालतात. पोळ्याला बैल त्या ओट्यापाशी नेतात आणि ते आपणहून बसले तर उठवत नाहीत. मिरवणुकीला उशीर होतो, शेजारची गावं हसतात. हसू देत. आणि दुसरी ही, की जनावरांचा डॉक्टर रिटायर झाला की गाव त्याला पुन्हा हाक मारत नाही. गेल्या साली आपले गोजमगुंडे डॉक्टर रिटायर झाले. शेजारच्या गावांतले लोक अजून त्यांना फोन करतात, साहेब, नवा डॉक्टर येईपर्यंत एवढं बघा. आपल्याकडं सगळे देवळात बसले, फोन काढले आणि त्यांचा नंबर पुसला. ज्यानं पुसला नाही त्याच्याकडून पुसून घेतला.

मग पोळा आला. डॉक्टरांना पुरणपोळीचं आवतण द्यायचं तर नंबर कुणाकडंच नाही. मीच निघाले पायी, तालुक्याला. दार वाजवलं. डॉक्टरांनी मला बघितलं आणि त्यांचा हात आपसूक खुंटीवरच्या पिशवीकडं गेला.

"कुणाची गाय अडली?"

"कुणाची नाही," मी म्हटलं. "जेवायला चला."

पिशवी हातात घेऊन माणूस तिथंच उभा राहिला. म्हणाले, इतक्या वर्षांत रिकाम्या हातानं या गावात कधी आलो नाही हो.