ओरडणाऱ्याचा माळ

फार मागे एका माळावर रिवाज होता: वार्षिक सभेत जो सगळ्यांत मोठ्याने ओरडेल, वर्षभर माळ त्याचा. गाढव दरवर्षी जिंकायचं, माळभर चरायचं आणि चैत्रात उपाशी राहायचं.

एका वर्षी सुगरण पक्ष्याला घरट्यासाठी बाभळी हव्या होत्या, बेडकाला तळं. गाढवाने घसा खाकरला. तेवढ्यात खेकडा म्हणाला, "गाढवदादा, मी सगळीकडे खणून पाहिलंय. वरच्या खोलगट जागेत पाणी साठेल, तिथे तळं करू. ओढ्याकाठी माती खोल आहे, तिथे बाभळी लावू. तळ्याचं पाणी झिरपून उतारावर येईल, तिथे तुम्ही चरा."

"मला नुसता उतार?" गाढवाने ओरडायला तोंड उघडलं, पण गेल्या चैत्रातलं रिकामं पोट आठवलं, तसं मिटलं.

पुढच्या चैत्रात उतार हिरवागार होता. सभेत रेडा ओरडायला उठला.

घास चघळत गाढव म्हणालं, "आधी खणून ये. मग ओरड."