चुन्याचा पट्टा

माळावरच्या झाडांना अजून बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. एके सकाळी कुणीतरी चार वर्षांच्या सुबाभळीच्या खोडाला चुन्याचा पट्टा मारला. ती हरखून बांधावरच्या म्हाताऱ्या मोहाच्या झाडाला म्हणाली, "आजोबा, रस्त्याकडेच्या वडालाही असाच पट्टा आहे. त्याला कुणी हात लावत नाही. आता मीही त्याच्याएवढी होणार!"



दुपारी मुकादम आला. "पट्टा मारलेली झाडं तेवढी कापा," तो मजुरांना म्हणाला. "भट्टीत कोळशाऐवजी घालायला यांचा भुसा दाबून कांड्या करायच्यात."

आठवड्याने सुबाभळीच्या भुशाच्या कांड्या पोत्यांत भरून ट्रक बांधाजवळून गेला. प्रत्येक पोत्यावर एक हिरवंगार, डेरेदार झाड छापलेलं होतं.

"झालीस गं बाई मोठी," मोह म्हणाला.