फुकट खाणारा रांजण

दवंडी पिटली गेली आणि कडवलीचा बाजार बंद झाला. पटकीची साथ आली होती, तेव्हा माणसाने माणसाजवळ उभंसुद्धा राहायचं नाही असा हैबतराव महाराजांचा हुकूम निघाला. हुकूम शहाणपणाचा होता, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती पोटाची. एक महिना गेला, दोन गेले. तेल्याचा घाणा थांबला, कासाराची भट्टी विझली, हलवायाच्या कढईत कोळ्याने संसार मांडला. आणि निळाऱ्यांच्या आळीत वेणूचा रांजण मरायला टेकला.

हा रांजण पाण्याचा नव्हे. परड्यात गळ्यापर्यंत पुरलेला, निळीच्या आंबवणाने भरलेला. कापड रंगवायचं ते यातच. आंबवण जिवंत असतं. काम असो नसो, त्याला रोज मूठभर गूळ आणि चिमूटभर चुना लागतो, काठीने ढवळावं लागतं. उपाशी ठेवलं की ते मरतं, आणि मेलेल्या रांजणात कापड दिवसभर बुडवलं तरी नुसता गाळ लागतो. वेणूच्या आजेसासूने लावलेल्या या रांजणाने साठ वर्षांत एक दिवस उपास काढला नव्हता. घरातला गूळ सरला तशी वेणूने पोरांच्या वाटचाही त्यात घातला. शेजारच्या भिकोबांचा रांजण आठ दिवसांपूर्वीच गेला होता आणि म्हातारा सुतक असल्यासारखा त्याच्या कडेला बसून होता. आळीत जिवंत असा हा एकच उरला. तोही गेला असता, तर नव्याला घालायला आंबवण कुठून आणायचं?

शेवटी बाजारातली चार माणसं, हातभर अंतर राखून, वाड्यावर गेली. वेणूही गेली.

महाराज दुष्ट नव्हते, जुन्या वळणाचे होते. त्यांचे आजोबा स्वतः नांगर धरायचे, फुकटची चटक नको म्हणायचे आणि ही गोष्ट महाराज येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. तीच त्यांनी आताही ऐकवली. कोठार भरलेलं आहे, पण ते उघडलं तर सगळा बाजार हातपाय पसरून बसेल आणि साथ सरली तरी उठणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कारभारी त्रिंबकपंतांचंही तेच मत होतं. महाराजांचं असेल ते त्यांचं असायचंच.

"काम न करता फुकट खाऊन जो आळशी होत नाही," महाराज म्हणाले, "असा एक जीव माझ्या राज्यात दाखवा. कोठार उघडतो."

तेली हलवायाकडे बघू लागला, हलवाई छताकडे. वेणूने पदर सावरला.

"दावते की, महाराज. एक महिना त्याला खायला सरकारातून द्या. रोज मूठभर गूळ, चिमूटभर चुना. महिनाभर इकडची काडी तिकडं करणार न्हाई. आपण म्हणाल त्या घडीला कामाला उभा राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"तर आमचं घर-परडं सरकारजमा करा."

घरी आल्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. वेणूने सरकारातून मिळालेला गूळ फोडायला घेतला.

महिनाभर सरकारी कारकून रोज दाराशी येई. परड्यात एक दोरासुद्धा रंगत नाही ना, हे तो नाकाला धोतराचा सोगा लावून बघे, कारण जिवंत आंबवणाचा वास काही अत्तराचा नसतो. तिसाव्या दिवशी स्वतः महाराज पालखीतून आले. परडं बघून चकित झाले. इथे जीव कुठला? वेणूने रांजण दाखवला. आंबवण जिवंत असतं आणि उपासाने मरतं, हे भिकोबांनी शपथेवर सांगितलं.

"ठीक," महाराज म्हणाले. खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं त्यांनी काढून दिलं. "लाव याला कामाला."

वेणूने आधी उपरण्याचं एक टोक भिकोबांच्या मेल्या रांजणात बुडवलं. ते गढूळ होऊन वर आलं आणि तांब्याभर पाण्यात पुन्हा पांढरं झालं. मग सगळं उपरणं तिने आपल्या रांजणात सोडलं, आतल्या आत फिरवलं, बाहेर काढलं.

ते हिरवं होतं! शेवाळासारखं हिरवं.

त्रिंबकपंत खुदकन हसले. "निळं होणार होतं ना? झालं तुझं परडं सरकारजमा."

वेणूने उपरणं झटकून वाऱ्यावर धरलं. बघता बघता हिरव्यातून निळी रेघ फुटली, कडेने पसरली आणि चार श्वासांत अख्खं उपरणं गर्द निळं झालं. पंतांचं हसू तेवढं पांढरं पडलं.

"महिनाभर सरकारचं खाल्लं, काम काडीचं न्हाई केलं," वेणू म्हणाली. "आळशी झालाय का, महाराज? आळशी तो बाजूचा झाला. त्याला उपास घडला."

महाराजांनी उपरणं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. बोट निळं झालं, ते पागोट्याला पुसलं, पागोटंही निळं झालं. पण माणूस वळणाचा पक्का. इतक्यात हार कसली मानतो!

"बरं, कोठार उघडलं. पण मग किती द्यायचं आणि कुठवर? एकदा चटक लागली की हे थांबायचं कसं?"

"गूळ जास्ती पडला की आंबवण नको तेवढं आंबतं, महाराज. उपासानं मरतं तसं लाडानंबी नासतं. घाण्याच्या बैलाला वैरण, भट्टीला कोळसा, जीव तगंल एवढंच द्या. बाजार उघडला त्या दिवशी बंद करा. त्यापुढं कुणी मागायला आलं, तर आधी मीच त्याला काठी दाखवीन. रांजण ढवळायची हाय माझ्याकडं."

महाराज असे हसले की पालखीचे भोईही हसू लागले.

"अगं, हे तर माझंच बोलणं! माझ्याच आजोबांचं!"

"मग ऐका की त्यांचं," वेणू म्हणाली.

त्याच दुपारी कोठार उघडलं. भिकोबांनी वेणूच्या रांजणातून घागरभर आंबवण नेलं आणि आपल्या रांजणाला लावलं. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं वेणूला दिलं, निळं उपरणं तसंच ओलं खांद्यावर टाकलं, आणि रांजणाला दरसाल गुळाची एक ढेप बक्षीस लावून दिली. पंत अदबीने दोन म्हणाले, तर महाराजांनी त्यांना दटावलं, "एकच! नासेल तो."