दौलतरावांचं गळालेलं शिंग

"चोरा, माझं शिंग परत दे! डिंकानं चिकटवतो!" दौलतराव सांबर साळिंदरावर खेकसत होते. ही गोष्ट जंगलात कुऱ्हाड शिरायच्या आधीची.

"चोर कुणाला म्हणता? तुमचं तुम्हीच पाडलंत, मी नुसतं कुरतडतोय. दरसाल गळतं, दरसाल नवं येतं," साळिंदर दात न थांबवता म्हणालं.

"अरे, ते येईपर्यंत कळपात माझा मान कोण ठेवणार? बिनशिंगाचा पुढारी कधी पाहिलायस?"

तळ्यात पोटाएवढ्या पाण्यात उभी राहून कमळाची देठं चघळणारी म्हातारी गोदाक्का सांबरीण काठावर आली नि म्हणाली, "दौलत्या, आम्हा बायांच्या डोक्यावर जन्मात शिंग उगवलं नाही, तरी वाघाचा वास आला की पहिली हाक आम्हीच देतो, आणि पळताना तू आमच्याच मागे असतोस!"