कोरडी वाटी

एकोणीस मे, रविवार. ऊन रणरणते, वारा पडलेला.

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध मिस्त्री आपल्या शिष्यासह गाड्या दुरुस्त करीत असे. जुन्या इंजिनातून तेलकट वाफ उठते आणि नळीवाटे पुन्हा इंजिनातच जाऊन काजळी धरते. त्यावर वृद्धाचा उपाय ठरलेला होता. कंप्रेसरच्या हवेतले पाणी वेगळे करणारी काचेची वाटी तो आणी, तिच्यातली बारीक, कोरी जाळी उपसून कचऱ्यात टाकी, तिथे तारेचा सैल गोळा बसवी आणि वाटी त्या नळीत जोडी. तेल वाटीत साचे.

कोरी जाळी फेकलेली पाहून शिष्य दर वेळी हळहळे. त्याने कधी विचारले मात्र नाही.

वृद्ध चार दिवस गावी गेला, त्याच दिवशी एका व्यापाऱ्याची गाडी आली. शिष्याने वाटी बसवली आणि जाळी आतच ठेवली.

या रविवारी सकाळी व्यापारी पुन्हा दारात थांबला. मागच्या सीटवर त्याची पत्नी धापा टाकत होती.

"हिला घाटावरच्या दवाखान्यात नेतोय. म्हटलं, जाता जाता दाखवावं," व्यापाऱ्याने बॉनेट उचलले. "चार दिवसांत वाटीत थेंब नाही, इंजिनाचं तेल ओकणंच थांबलं! उस्तादाला म्हणावं, आता घरीच बसा."

शिष्य हसला. त्याने वाटीच्या काचेवर टिचकी मारली.

"चला हो," आतून बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने वृद्ध एसटीतून उतरला. शिष्याने उत्साहाने सारे सांगितले.

"थेंबही नाही?" वृद्धाने पिशवी खाली ठेवली. "जाळी काढली होतीस?"

"नाही, उस्ताद. कोरी होती."

"फोन लाव त्यांना."

घाटात रेंज नव्हती. शिष्य पुन्हा पुन्हा लावत राहिला. वृद्ध बाकावर बसला.

"कंप्रेसरमध्ये हवेला मागून जोर असतो, ती बारीक जाळीतूनही जाते. इंजिनाचा उच्छ्वास दुबळा असतो रे. तेलाने जाळी बुजली की तो आतच कोंडतो, आणि चढावर एखादं सील फोडून सगळं तेल बाहेर काढतो. त्या गाडीच्या वाटीत एव्हाना बोटभर काळं तेल दिसायला हवं होतं. आपण तेल अडवायचं, हवा नाही." तो बाकावरून उठला. "मी तुझ्यासमोर जाळी फेकत आलो. तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. यात मीही आहे."

दोघे गॅरेजची जीप घेऊन निघाले.

गाडी सातव्या वळणावर सापडली. इंजिन जाम झाले होते, मागे दोन वळणांपासून रस्त्यावर तेल होते. व्यापाऱ्याच्या पत्नीला एका टेम्पोने पुढे नेले होते. ती बारा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यात पोचली आणि साडेबाराला वारली. वाटी कोरडी होती.