मिरची कांडल्याची शिक्षा

सोनवळे संस्थानातल्या रंगोजी कोतवालांना दुपारची झोप फार प्यारी. त्यांनी दवंडीच पिटवली, "दुपारी कांडपाचा आवाज केला, तर सहा महिने कैद!"

चिमाक्काच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मसाला अजून व्हायचा होता. तिने भर दुपारी उखळात मिरची घातली आणि पकडली गेली.

दरबारात रंगोजी गरजले, "नियम म्हणजे नियम. लग्न असो की बारसं!"

लेक दाराशी रडत होती. चिमाक्का हात जोडून म्हणाली, "महाराज, घोडा चोरणाऱ्याला आपल्याकडे काय शिक्षा?"

"सहा महिने कैद," महाराज म्हणाले.

"अगं बाई! मग चुकलंच माझं. मिरची कांडण्यापेक्षा कोतवालसाहेबांचा घोडाच सोडून न्यायला हवा होता. शिक्षा तेवढीच, आणि जावई तरी ऐटीत वरातीत मिरवला असता!"

सारा दरबार खो-खो हसला. हसू आवरत महाराजांनी हुकूम दिला, "आजपासून असल्या बारीकसारीक नियमांसाठी कोणाला कैद नाही. समज द्या, फार तर चावडी झाडून घ्या. चिमाक्का, तू घरी जा."

वरातीला महाराजांच्या सांगण्यावरून कोतवालांचा घोडा आला. लगाम धरून पुढे चालत होते खुद्द रंगोजी, नाचणाऱ्या वऱ्हाडातून वाट काढत.